स्टिअरिंगवरचा गिअर मधेच थिजतो: १९७२ च्या सी-१० चा कॉलम उघडतोय

जुनी_चाकं (धागाकर्ता)

मंडळी, माझी पिकअप १९७२ ची शेवरोले सी-१०. २५० घनइंचाचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. इंजिनापासून ब्रेकच्या नळ्यांपर्यंत सगळं मी स्वतः उघडून पाहिलंय, एक कॉलम तेवढा राहिला होता.

दोन वर्षांपूर्वी दांडा नुसता खुळखुळायचा. मग न्यूट्रल नेमका कुठे आहे ते हाताला कळेनासं झालं. मागच्या आठवड्यात चढावर थांबून निघालो, पहिल्यातून दुसऱ्यासाठी दांडा वर नेला आणि तो मधेच थिजला. वर जाईना, खाली येईना. इंजिन बंद केलं, पार्किंग ब्रेक लावला, चाकामागे दगड ठेवला आणि बॉनेट उघडलं. कॉलमच्या तळाशी दोन लिव्हर आहेत, त्या हाताने एका रेषेत आणल्या तेव्हा दांडा सुटला. मागे गाड्यांची रांग लागली होती. त्या पाच मिनिटांत मला जे वाटलं ते परत वाटायला नको.

तोवर दोनदा, या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या दोन रॉडचे नट सैल करून ॲडजस्टमेंट केली होती. दोन्ही वेळा चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

आता पूर्ण कॉलम बाहेर काढायचं मनात आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: नक्की काय झिजतं, काय बदलावं लागतं आणि काय दुरुस्त होतं? कॉलम न काढता काही भागतं का?

लोखंडी_माणूस

आधी एक विनंती. ॲडजस्टमेंटच्या नटांना आता हात लावू नका. झिजलेल्या सांध्यांवर ॲडजस्टमेंट केली की प्ले, म्हणजे सांध्यातली मोकळी हालचाल, तेवढाच राहतो, फक्त एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकतो. म्हणून चार दिवस बरं वाटतं.

हे चालतं कसं ते नीट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झीज कुठे शोधायची ते आपोआप कळेल. कॉलमच्या आत स्टिअरिंगचा शाफ्ट, आणि त्याच्याभोवती एक पोकळ नळी. दांडा वरच्या वाटीत एका पिनेवर टेकलेला असतो. तुम्ही दांडा वर-खाली केला की नळी फिरते. दांडा आपल्याकडे ओढला की तो त्या पिनेवर झुलतो आणि नळी तिच्या लांबीच्या दिशेने किंचित सरकते. नळीच्या तळाला एक दात आहे. तो एका जागी असला की पहिला आणि रिव्हर्सच्या लिव्हरच्या खाचेत बसतो, सरकला की दुसऱ्या-तिसऱ्याच्या लिव्हरच्या खाचेत. सगळा खेळ या एका दाताचा.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दात एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जायला हवा, आणि त्या क्षणी दोन्ही खाचा समोरासमोर हव्यात. रॉडच्या टोकांत प्ले असला की पहिल्याची लिव्हर न्यूट्रलपर्यंत पूर्ण परत येत नाही, थोडी अलीकडेच राहते. दात अर्धा इकडे, अर्धा तिकडे अडकतो. तुमचं चढावर हेच झालं. हाताने लिव्हर एका रेषेत आणल्यावर सुटला, म्हणजे शंकाच नाही.

आता हिशेब बघा. समजा खालच्या लिव्हरची लांबी अडीच इंच आणि दांडा दहा इंच. खाली एका सांध्यात इंचाचा बत्तिसावा भाग प्ले असेल तर मुठीजवळ तो चौपट, म्हणजे इंचाचा आठवा भाग होतो. असे चार सांधे झिजले की मुठीजवळ अर्धा इंच. म्हणून एकच मोठा दोषी शोधायला जाऊ नका. प्रत्येकाकडून थोडं थोडं येतं.

रातकिडा

इतका खटाटोप कशाला? खालून थेट फ्लोअर शिफ्टर बसवून टाका. तयार किट मिळतात, रॉड आखूड होतात, प्ले संपतो, एका दिवसाचं काम. माझ्या मित्राने केलंय आणि तो सुखी आहे.

जुनी_चाकं

रातकिडा, सल्ला चांगल्या मनाने दिलाय हे कळतं. पण मला दांडा कॉलमवरच हवा. सलग सीटवर तिघं बसतात, मधल्याच्या गुडघ्यांत काही येत नाही, हीच या ट्रकची खूण आहे. शिवाय फ्लोअरचं भोक पाडलं की ते कायमचं.

लोखंडी_माणूस, दाताचं आता समजलं. अकरा वर्षं चालवून हे मला माहीत नव्हतं. उद्या खाली शिरून प्रत्येक सांधा बघतो.

कुंपणापलीकडे

थोडं अवांतर, पण जुनी_चाकं यांनी सीटचा विषय काढलाच आहे म्हणून. अमेरिकन गाड्यांत दांडा कॉलमवर गेला तो १९३८-३९ च्या सुमारास. १९३८ ला कॅडिलॅकने आणला आणि वर्षा-दोन वर्षांत बहुतेक सगळ्यांनी उचलला. कारण हेच, पुढच्या सीटवर तिसऱ्या माणसाचे पाय मोकळे. तीन गिअरचा हा कॉलमवरचा दांडा तिथल्या मोटारींमधून १९७० च्या दशकाअखेर गेला, पण शेवरोले आणि जीएमसीच्या पिकअपमध्ये १९८७ पर्यंत टिकला. जवळजवळ पन्नास वर्षं एकच रचना. तिच्यात तथ्य असल्याशिवाय ती इतकी टिकली नसती, तेव्हा बदलू नका.

फीलरगेज

कॉलम काढण्याआधी अर्धा तास द्या आणि दोन गोष्टी तपासा. नाहीतर सगळं उघडून, जोडून झाल्यावर कळायचं की दुखणं दुसरीकडेच होतं. माझं असं झालंय, म्हणून कळकळीने सांगते.

पहिली गोष्ट, गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन्ही रॉड सोडवा आणि बॉक्सवरच्या लिव्हर हाताने फिरवा. मुख्य गिअरबॉक्स सॅगिनॉ (जीएमचीच एक बनावट) असेल तर पुढची लिव्हर दुसऱ्या-तिसऱ्याची आणि मागची पहिल्या-रिव्हर्सची. प्रत्येक जागी ठळक 'टक' जाणवला पाहिजे. इंजिन बंद असताना एखादा गिअर दातावर दात येऊन बसला नाही तर मागचा शाफ्ट थोडा फिरवून परत बघा. टक स्पष्ट असेल तर बॉक्स निर्दोष, सगळा दोष वरचा. टक मऊ असेल किंवा लिव्हर बॉक्सच्या तोंडाशीच हलत असेल तर कॉलम कितीही नवा केला तरी गिअर सुटणारच.

दुसरी गोष्ट, इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार. कॉलम केबिनला बांधलेला आहे, गिअरबॉक्स इंजिनासोबत फ्रेमवर. या दोघांमध्ये रॉड. माउंटचं रबर फाटलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन कलतं, आणि रॉडना वाटतं कोणीतरी दांडा ओढतोय.

आणि क्लच. पेडलला खूप मोकळी चाल असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल, तर गिअर जड जातो आणि आपण दांड्यावर जोर काढतो. दात, पिन, वाटी, सगळ्याची झीज त्या जोराने होते.

जुनी_चाकं

तपासलं. बॉक्सवर चारही जागी टक स्वच्छ आहे. क्लचची मोकळी चाल जास्त होती, ती बसवून घेतली. माउंट वरून पाहिले, रबर दिसायला बरं वाटलं.

मग पुतण्याला केबिनमध्ये बसवलं. तो दांडा हळूहळू हलवत होता आणि मी खाली टॉर्च घेऊन एकेका सांध्यावर बोट ठेवून पडलो होतो. बोटाखाली जो भाग आधी हलतो आणि पुढचा थोडा थांबून हलतो, त्या दोघांमध्ये प्ले. ही पद्धत इतकी साधी आणि इतकी खात्रीची असेल असं वाटलं नव्हतं. खडूने खुणा करत गेलो.

निघालेलं असं. दोन्ही रॉडच्या कॉलमकडच्या टोकांचे बुश (भोकात बसणारी छोटी अस्तर-नळी) जवळजवळ नाहीतच, एका भोकात प्लास्टिकचा चुरा तेवढा उरलाय. त्यातल्या एका भोकाचा गोल जाऊन अंडाकार झालाय. पहिल्या-रिव्हर्सची लिव्हर कॉलमवर वर-खाली सरकते, डोळ्याला दिसण्याइतकी. आणि वर, दांडा वाटीत पिनेभोवती चांगलाच डुलतो. मुठीजवळ मोजलं तर अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच. लोखंडी_माणूस यांचा हिशेब बरोबर निघाला.

लोखंडी_माणूस

मग कॉलम काढाच. बुश जागेवर बदलता येतात, पण लिव्हरची खाच आणि नळीचा दात पाहायचा असेल तर कॉलम बाकावर हवा.

काढताना हे सांभाळा. बॅटरीची वायर आधी सोडा, कारण हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायर उघड्या पडणार आहेत. चाक सरळ करून स्टिअरिंग व्हील आणि शाफ्टवर एकाच रेषेत पंचाने खूण करा. तळाला स्टिअरिंग बॉक्सशी जिथे लवचीक जोड आहे तिथेही दोन्ही बाजूंना खूण. या खुणा विसरलात तर नंतर रस्ता सरळ आणि व्हील तिरकं.

व्हील ओढायला पुलरच वापरा, मागून हातोडी मारू नका. पुलरचे दोन बोल्ट व्हीलच्या भोकांत फार खोल घालू नका, नाहीतर मागच्या इंडिकेटरच्या स्विचमध्ये घुसतात. नट पूर्ण काढून न टाकता दोन आटे राखून ठेवा, व्हील एकदम सुटलं तर तोंडावर येत नाही.

इंडिकेटरचा स्विच तीन स्क्रूंवर असतो. वायर ओढण्याआधी कनेक्टरचा फोटो काढा, प्रत्येक रंग कुठे आहे तो दिसेल असा. दांड्याची पिन त्यानंतर.

त्या पिनेबद्दल वेगळं सांगतो. वाटी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, ठिसूळ. पिन गुंडाळीची, पोलादी, पन्नास वर्षं गंजून बसलेली. लोक पंच लावून दणका देतात आणि वाटीचा कान तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. ठोकताना समोरच्या बाजूने कानाला लागूनच लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा टेकवा, म्हणजे मार वाटीवर न जाता ठोकळ्यात जाईल. पंच पिनेच्या मापाचाच घ्या. बारीक पंच पिनेच्या पोकळीत शिरतो आणि ती फुगवतो, मग ती जन्मात निघत नाही.

गंजलेला_बोल्ट

आणखी एक, इतर गाड्यांचे कॉलम उघडणाऱ्यांसाठी. १९६७ पासून अमेरिकन मोटारींत टक्कर झाल्यावर दबणारे कॉलम यायला लागले. जीएमच्या बऱ्याच अशा कॉलममध्ये शाफ्ट आणि नळीचे दोन तुकडे प्लास्टिकच्या पिनांनी धरलेले असतात. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारली, किंवा कॉलम टोकावर आपटला, तरी त्या पिना तुटतात. तुटल्याचं बाहेरून कळतही नाही. तुमच्या कॉलमवर जाळीसारखा भाग दिसला किंवा नळीला बाहेरून बारीक प्लास्टिकचे ठिपके दिसले तर तो कॉलम काचेच्या भांड्यासारखा हाताळा.

जुनी_चाकं

कॉलम बाहेर आला. शनिवार सकाळ ते संध्याकाळ गेली, त्यातला निम्मा वेळ एका पिनेवर. ठोकळा लावून, तेल मुरवून, संयमाने. निघाली, आणि वाटीचे कान शाबूत आहेत.

आत काय आहे ते सांगतो. ग्रीस वाळून काळं मेण झालं होतं. रॉकेलमध्ये सगळं धुतलं. नळीचा दात कडांनी गोल झालाय, पण शरीर जाड आहे. पहिल्या-रिव्हर्सच्या लिव्हरची खाच एका बाजूने खाल्ली गेलीय. दात जिथे रोज घासत होता तिथे चकचकीत पायरी पडलीय, नखाला लागते. दुसऱ्या-तिसऱ्याची लिव्हर जवळजवळ नवी. दांड्याचं आतलं टोक, जे नळीला ढकलतं, ते एका बाजूने सपाट. वाटीतलं पिनेचं भोक लांबट झालंय. खालचं बेअरिंग म्हणजे प्लास्टिकचा तडकलेला कडा.

आता प्रश्न दाताचा आणि खाचेचा. नवी लिव्हर मिळते, नळी मिळत नाही, मिळालेली एक वापरलेली नळी माझ्याहून वाईट.

वेल्डिंगवाला

दाताची काळजी करू नका, पोलाद आहे. कडांवर वेल्डिंगचा पातळ थर चढवा आणि कानसेने मापात आणा. थोडं थोडं, मधे गार होऊ देत, कारण नळी पातळ आहे आणि उष्णतेने वाकली तर सगळं गेलं. दाताच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर पाहिजेत, कडा अगदी किंचित मोडलेल्या, धारदार नकोत. नव्या लिव्हरच्या खाचेत घालून बघत कानस चालवा. घट्ट बसायला नको आणि डुलायलाही नको. हाताने सहज सरकेल, पण फिरवल्यावर लगेच लिव्हर हलेल, इतकं.

दांड्याच्या सपाट टोकालाही तोच उपाय.

वाटीला मात्र वेल्डिंग अजिबात नको. तो मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. ज्योत लावली की काही क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम थेंब पडतो. भोक लांबट झालं असेल तर रीमरने गोल करून एक माप मोठी पिन घाला, भिंत जाड उरत असेल तरच. नाहीतर नवी वाटी घ्या. वाटी तुटली की दांडा हातात येतो आणि गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच राहते. इथे काटकसर करायची नाही.

जुनी_चाकं

दात वेल्ड करून घेतला आणि तीन संध्याकाळी नुसती कानस चालवली. वाटी नवीच घेतली. भोक गोल केल्यावर एका बाजूला भिंत फार पातळ उरत होती.

एक इशारा देतो. नव्या बुशांचा संच मागवला, त्यातल्या दोन बुशांची कॉलर जाड निघाली. घातल्यावर रॉड लिव्हरशी तिरका बसत होता आणि क्लिप खोबणीपर्यंत पोचत नव्हती. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, चूक त्याची की साच्याची ते मला माहीत नाही. पण नवा सुटा भाग आहे म्हणून बरोबरच असेल, हे डोक्यातून काढून टाका. जुन्याशी व्हर्नियरने ताडून बघा. मी काचेवर पॉलिश पेपर पसरून त्या कॉलर घासून मापात आणल्या.

अंडाकार झालेलं रॉडचं भोक मोठं करून त्यात काशाचा बुश दाबून बसवला.

फीलरगेज

छान चाललंय. आता जोडताना एक जागा आहे जिथे बहुतेक जण घाई करतात. तळाशी लिव्हरच्या खाली जी ॲडजस्ट होणारी रिंग आहे, तिच्यावर लिव्हरचा उभा प्ले ठरतो. तुम्ही वर लिहिलं होतं की लिव्हर वर-खाली सरकते, त्याचं कारण ही रिंग आणि ते तडकलेलं बेअरिंग. रिंगचे स्क्रू सैल करा, लिव्हर आणि स्पेसरच्या मधे पाच हजारांश इंचाचं फीलर पातं (फट मोजायचं ठरावीक जाडीचं पातं) ठेवा, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. पातं किंचित ओढ लागून सरकेल इतकी रिंग फिरवा आणि घट्ट करा. सैल ठेवली तर दात खाचेतून अर्धा बाहेर राहतो. आवळली तर दांडा जड होतो आणि सोडल्यावर आपल्या जागी परत येत नाही.

ग्रीस लिथियमचं, पातळ थर. दात, खाचा, दांड्याचं टोक, बेअरिंग. जास्त थापलं तर धूळ धरतं आणि दहा वर्षांनी तेच काळं मेण.

रॉड शेवटी. आधी बॉक्सवर दोन्ही लिव्हर न्यूट्रलच्या टकमध्ये. मग कॉलमवरच्या दोन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये आणून त्यांच्या भोकांतून एक सरळ पिन आरपार घाला. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी चालते, भोकात न डुलणारी. पिन आत असतानाच रॉडचे नट घट्ट करा. रॉडला ओढून किंवा ढकलून जमवायचं नाही, तो जिथे आपसूक उभा राहतो तिथेच नट आवळायचा. पिन काढायला विसरू नका. गाडी सुरू करण्याआधी सगळे गिअर इंजिन बंद असताना घालून बघा.

डोंगरवाट

धागा पहिल्यापासून वाचतोय. माझी पिकअप ऑटोमॅटिक आहे, १९७८ ची, दांडा कॉलमवरच. दांडा 'पी' (पार्क) वर नेतो पण गिअर दाखवणारा काटा थोडा अलीकडे दिसतो, आणि एकदा उतारावर इंजिन चालू ठेवून उतरलो तर गाडी मागे सरकली. नशिबाने कोणी मागे नव्हतं. हाही बुशचाच प्रकार का?

लोखंडी_माणूस

डोंगरवाट, हे वाचून मी हातातलं काम ठेवलं. दुरुस्त होईपर्यंत ती गाडी पार्किंग ब्रेक न लावता आणि इंजिन बंद न करता एकदाही सोडून उतरू नका. कृपा करून.

ऑटोमॅटिकमध्ये कॉलमच्या वरच्या भागात एक खाचांची पट्टी असते, दांड्याचं टोक तिच्यात बसतं. ती झिजली, किंवा खालचे बुश गेले, की दांडा 'पी' च्या खाचेत बसल्यासारखा वाटतो पण गिअरबॉक्सची लिव्हर 'पी' आणि 'आर' च्या मधे उभी असते. पार्किंगचा खटका दातात पूर्ण पडलेला नसतो. इंजिनाच्या थरथरीने लिव्हर रिव्हर्सकडे घसरते आणि गाडी आपणहून मागे जाते. हा धोका किती खरा आहे ते यावरून कळेल: १९८० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याशी झालेल्या समझोत्यानंतर फोर्डने १९६६ ते १९८० च्या मॉडेलच्या सुमारे २.३ कोटी गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर लावायची सूचनापट्टी पाठवली होती. सूचना हीच: पार्कमध्ये नीट टाका, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा.

तुमचा क्रम जुनी_चाकं यांच्यासारखाच. खालचे बुश, वरची पट्टी, वाटी आणि पिन, हे आधी. ॲडजस्टमेंट त्यानंतर. रॉड सोडवून गिअरबॉक्सची लिव्हर पार्कच्या टोकापर्यंत न्या, तिथून दोन टक मागे आलं की न्यूट्रल. दांडाही न्यूट्रलच्या खाचेत टेकवा आणि रॉड बांधा. काटा सगळ्यात शेवटी जुळवायचा. काट्याकडे बघून रॉड बांधणं ही उलटी पद्धत.

शेवटी ब्रेक दाबून ठेवून बघा, इंजिन फक्त 'पी' आणि 'एन' मध्येच सुरू झालं पाहिजे. 'आर' किंवा 'डी' मध्ये सुरू होत असेल तर न्यूट्रलचा सेफ्टी स्विच हलवायला हवा. आणि लिव्हर अर्धवट जागी राहिली तर आतलं तेलाचं प्रेशर कमी पडतं, क्लच प्लेट जळतात. दांड्याच्या एका बुशपायी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

डोंगरवाट

धन्यवाद. गाडी आता सपाटीवर, दोन्ही चाकांना ठोकळे लावून उभी आहे. दुरुस्तीचं वेगळ्या धाग्यात लिहितो.

जुनी_चाकं

कॉलम परत बसला. सगळे बोल्ट आधी हातानेच लावले, व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहिलं, मग डॅशचा कंस आणि मग खालची पट्टी आवळली. इंडिकेटर, हॉर्न चालतात. व्हील सरळ आहे.

आणि दांडा! मुठीजवळ आता इंचाचा जेमतेम आठवा भाग हलतो. आपल्याकडे ओढून खाली, पहिला. सोडला की स्वतःहून पलीकडे जातो, वर नेला की दुसरा. मधली ती हरवलेली जागा नाहीशी झाली. न्यूट्रलमध्ये तो एकाच ठिकाणी उभा राहतो आणि हाताला ते ठिकाण कळतं.

एकच गोष्ट राहिलीय. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर दिला की कधीकधी गिअर सुटतो. सपाटीवर नाही.

फीलरगेज

बॉक्सचा टक तुम्ही पाहिलाय, कॉलम नवा आहे, आणि सुटतो फक्त जोरात. माउंट परत बघा. वरून दिसत नाहीत. ब्रेक घट्ट दाबून, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच किंचित सोडत कोणाला तरी इंजिनावर जोर द्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभ्या राहून बघा, गाडीच्या समोर नको. इंजिन एका बाजूने उचललं जातं का?

आणि बॉक्स ज्या बोल्टनी बेलहाउसिंगला (क्लचभोवतीच्या कवचाला) धरलाय ते चारही तपासा. ते सैल असले तरी हेच होतं.

जुनी_चाकं

उचललं गेलं, ताई. डाव्या बाजूने इंचभर तरी. माउंट काढला तर रबर आतून पूर्ण सुटलेलं, नुसतं वजनाने जागेवर बसलेलं. म्हणून वरून बरं दिसत होतं. दोन्ही बदलले. बेलहाउसिंगचा एक बोल्टही अर्धा फेरा आवळला गेला.

माउंट नवे झाल्यावर इंजिन किंचित वर आलं, त्यामुळे पिन घालून रॉडचे नट पुन्हा एकदा सैल केले आणि बांधले. एका रॉडने जागा बदलली, एका आट्याएवढी. हे वाचणाऱ्या कोणाला दोन्ही कामं करायची असतील तर माउंट आधी करा, माझा एक रविवार वाचला असता.

काल त्याच चढावर गेलो. मुद्दाम थांबलो, निघालो, दुसरा घातला, जोर दिला. सुटला नाही. तीनदा केलं.

गंजलेला_बोल्ट

मनापासून आनंद झाला. ती खाल्लेली जुनी लिव्हर टाकू नका, तिचा फोटो चढवा. खाचेतली पायरी बघितली की नवख्याला दाताचं सगळं एका नजरेत कळेल.

जुनी_चाकं

ठेवलीय. नव्या आणि जुन्या लिव्हरची खाच शेजारी शेजारी, व्हर्नियर लावून, उद्या उजेडात फोटो काढतो. काशाच्या बुशचं बाहेरचं आणि आतलं मापही तिथेच लिहितो, कोणाच्या रॉडचं भोक माझ्यासारखंच झालं असेल तर उपयोगी पडेल.